दंड भरून झाला, आता विम्याच्या फॉर्मवर काय लिहू?

एका वाचकाचं पत्र, ओळख वगळून, थोडक्यात असं आहे. ते कांदिवलीत राहतात, वय पंचेचाळीसच्या आसपास, अंधेरीत नोकरी. दोन वर्षांपूर्वी मित्राकडची पार्टी आटोपून स्वतः गाडी चालवत घरी येताना वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर नाकाबंदीत सापडले. ‘दोनच पेग’ घेतले होते, पण मशीनमध्ये फुंकल्यावर प्रमाण जास्त निघालं. केस झाली, कोर्टात गुन्हा कबूल केला, दहा हजारांचा दंड भरला. शिवाय गाडीवर सी लिंक आणि कोस्टल रोडवरची वेगाची काही ई-चलानं आहेत. त्यांतली काही मुलाच्या हातून झालेली, काही अजून भरायची राहिलेली. आता विम्याची मुदत संपत आली आहे आणि त्यांना कंपनी बदलायची आहे. नव्या फॉर्मवर प्रश्न आहे: गाडी चालवणाऱ्याला वाहनासंबंधी गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का, खटला चालू आहे का? एजंट त्यांच्याच सोसायटीतला. तो म्हणतो, ‘नाही’वर टिक करा, कोण बघायला येतंय, गेल्या वर्षीचा बंपरचा क्लेमही दाखवायला नको, एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सूट, तशीच ठेवू. लंडनचा मेव्हणा म्हणतो, खरं लिहिलंस तर प्रीमियम तिप्पट. बायको म्हणते, गाडी माझ्या नावावर करा आणि मोकळे व्हा. पत्राच्या शेवटी ते विचारतात, ‘मी काय लिहू?’

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: ‘खरं लिहिलं तर खिसा रिकामा होईल, खोटं लिहिलं तर झोप लागणार नाही.’ यातला दुसरा भाग मला पटतो. पहिला मात्र तपासून बघायला हवा, कारण तुमची सगळी घालमेल त्या एका गृहीतावर उभी आहे.

आपल्याकडे खासगी गाडीच्या विम्याचे दोन मुख्य भाग असतात. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली, कोणी दगावलं किंवा कुणाच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई थर्ड पार्टी विम्यातून होते. मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून जे दर लागू झाले, त्यांत हजार सीसीपर्यंतच्या गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, हजार ते पंधराशे सीसीला ३,४१६ आणि त्यावरच्या गाडीला ७,८९७ रुपये होते. गाडी कोण चालवतो, त्याने किती सिग्नल तोडले, याच्याशी या आकड्यांचा संबंध नाही. दादरला राहणाऱ्या, आठवड्यातून एकदा देवळापर्यंत गाडी नेणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला जो दर, तोच तुम्हाला.

दुसरा भाग ओन डॅमेजचा, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. याचे दर जानेवारी २००७ पासून कंपन्या आपापल्या हिशेबाने लावतात. आयडीव्ही (म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), इंजिन, गाडीचं वय, नोंदणी कुठली (मुंबई वरच्या झोनमध्ये येते), कोणती अ‍ॅड-ऑन घेतली आणि मागे क्लेम झालेत का, यावर तो ठरतो. तुमची शिक्षा बघून एखादी कंपनी या भागाचा दर वाढवू शकते किंवा एखादी जादा अट घालू शकते. तो अधिकार तिला आहे. पण कोर्टातला दंड किंवा सी लिंकवरचं चलान आपोआप प्रीमियममध्ये उतरावं अशी देशव्यापी पद्धत आपल्याकडे रूढ झालेली नाही. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, नेमलेल्या कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये तसा आराखडा मांडला होता. नियमभंगासाठी प्रीमियमचा एक स्वतंत्र भाग असावा, प्रत्येक गुन्ह्याला गुण असावेत, दारू पिऊन चालवण्याला शंभर तर चुकीच्या पार्किंगला दहा, आणि सुरुवात दिल्लीत करून बघावी, असं त्यात होतं. ती शिफारस देशभर लागू झाली नाही. मला विचाराल तर व्हायला हवी होती. जपून चालवणाऱ्या माणसाला त्याचा काहीच फायदा मिळत नाही, ही गोष्ट मला बरोबर वाटत नाही. पण आज तुमच्यापुरतं उत्तर असं की तिप्पट प्रीमियमची भीती सोडून द्या.

मेव्हण्यांनी सांगितलं ते त्यांच्या गावापुरतं खरं आहे. ब्रिटनमध्ये विमा कंपन्या साधारणपणे मागच्या पाच वर्षांतल्या शिक्षा विचारतात. वेगाच्या गुन्ह्याचे गुण लायसन्सवर चढतात, दारू पिऊन चालवल्याची नोंद अकरा वर्षं राहते, आणि अशा माणसाला विमा खूपच महाग पडतो. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देताना ग्राहकाने वाजवी काळजी घेतली पाहिजे असा तिथे २०१२ चा कायदाही आहे. त्यांनी तिथलं गणित सांगितलं आणि तुम्ही ते इथल्या गाडीला लावून घाबरलात.

तुमच्या खिशाला खरी कात्री लागते ती बंपरच्या क्लेममुळे. एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस, ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळतो. क्लेमविना पहिल्या वर्षानंतर वीस टक्के, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि शेवटी पन्नास. एक क्लेम घेतला की तो शून्यावर येतो. समजा बोनस धरण्याआधी तुमचा ओन डॅमेज प्रीमियम १४,००० रुपये आहे आणि तुम्ही पन्नास टक्क्यांवर होता, म्हणजे ७,००० भरत होता. क्लेमनंतरच्या रिन्यूअलला पूर्ण १४,०००, पुढे ११,२००, मग १०,५००, ९,१००, ७,७००, आणि मग परत ७,०००. मूळ प्रीमियम तेवढाच राहिला असं धरलं, तर त्या एका क्लेमने तुम्हाला एकूण १७,५०० रुपये जास्त भरायला लावले. बंपर किती रुपयांत झाला होता, आठवतंय? अशा छोट्या कामाचे पैसे गॅरेजमध्ये स्वतः देणं बहुतेक वेळा परवडतं. हे सगळ्याच वाचकांनी क्लेम फॉर्मवर सही करायच्या आधी कागदावर मांडून बघावं.

एजंट म्हणतो तो क्लेम दाखवू नका. माझा याला सक्त विरोध आहे. एनसीबी मागताना तुम्ही ‘मागच्या मुदतीत क्लेम घेतलेला नाही’ असं लिहून देता. कंपन्यांचा क्लेमचा डेटा एकत्र जमा होतो आणि नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करून घेऊ शकते. घोषणा खोटी निघाली तर ओन डॅमेजखालचे सगळे लाभ जाऊ शकतात. पहिल्या वर्षाचे सात हजार वाचवायला सात-आठ लाखांच्या गाडीचं संरक्षण पणाला लावायचं, हा हिशेब कुठल्याच बाजूने बसत नाही. एजंट वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. पण त्याचं कमिशन पॉलिसी निघाली की मिळतं. क्लेम नाकारला गेला तर कंपनीच्या शाखेत चकरा तुम्हाला माराव्या लागतात, त्याला नाही.

आता फॉर्मवरचा प्रश्न. तो शब्दन् शब्द वाचा, कारण सगळ्या कंपन्यांचा प्रश्न सारखा नसतो. बऱ्याच छापील फॉर्मवर तो असा असतो: चालकाचा अपघात किंवा नुकसान घडवण्यात सहभाग होता का, त्याबद्दल त्याला शिक्षा झाली आहे का, असल्यास चालू खटल्यांसह तपशील द्या. पुढे चालकाचं नाव, अपघाताची तारीख, हकिगत आणि नुकसानीची रक्कम लिहायला रकाने असतात. तुमच्या नाकाबंदीत अपघात झाला नव्हता, कुणाला खरचटलंही नव्हतं. फॉर्मवर असा प्रश्न असता तर तुमचं खरं उत्तर ‘नाही’ असतं. त्यात लपवाछपवी काही नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं, इतकंच. मोबाइलवरून दोन मिनिटांत पॉलिसी निघते तिथे कित्येकदा हा प्रश्नच नसतो. पण तुमच्या हातातल्या फॉर्मवर अपघाताची अट नाही. वाहनासंबंधी कुठल्याही गुन्ह्यातली शिक्षा, असं तो सरळ विचारतो. त्याचं उत्तर ‘हो’ आहे.

इथे तुमच्या पत्रात, आणि असं लिहिणाऱ्या बहुतेकांच्या मनात, एक गोंधळ दिसतो. तुम्ही चलान आणि कोर्टातला दंड एकाच पारड्यात टाकले आहेत. ई-चलान भरणं म्हणजे तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटवणं. कोर्टाने तुम्हाला दोषी ठरवलं असा त्याचा अर्थ होत नाही. सी लिंकवर ऐंशीची मर्यादा ओलांडली, कोस्टल रोडच्या बोगद्यात साठच्या वर गेलात, पैसे भरले, विषय संपला. शिक्षेच्या रकान्यात ते येत नाही. दारू पिऊन चालवण्याचं कलम १८५ मात्र तडजोडीने मिटत नाही, म्हणून तर तुम्हाला मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहावं लागलं. तिथे गुन्हा कबूल करून दंड भरलात, म्हणजे कोर्टाने तुम्हाला दोषी ठरवलं. ‘तुरुंगात कुठे गेलो, नुसता दंड भरला’ हे तुमचं म्हणणं माणूस म्हणून मला कळतं, पण फॉर्मच्या प्रश्नाला ते उत्तर होत नाही.

न भरलेल्या चलानांचं वेगळं आहे. ती कोर्टात किंवा लोकअदालतीत गेली असतील आणि तुम्हाला नोटीस आली असेल, तर ‘खटला चालू आहे का’ या प्रश्नात ती येतात असं कुणी म्हणू शकेल. म्हणून फॉर्म भरण्याआधी ती मिटवून टाका. महा ट्रॅफिक अ‍ॅपवर किंवा ई-चलानच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर घातला की यादी येते. प्रत्येक चलानाचा फोटो उघडून बघा. नंबर प्लेट चुकीची वाचलेली असेल, गाडी तुमची नसेलच, तर तिथेच तक्रार नोंदवता येते. बाकीची भरा आणि पावत्या जपून ठेवा. चलानं थकली की गाडी विकताना, नावावर करताना कामं अडतात. त्यात विम्याचा संबंध नसला तरी मनस्ताप तोच.

‘नाही’वर टिक केली आणि पुढे काही झालंच नाही, तर काय होईल? काहीच नाही. बंपर, आरसा, काच असल्या क्लेममध्ये दोन वर्षांपूर्वीच्या कोर्टाची कागदपत्रं काढायला कुणी बसत नाही. तुमचा एजंट त्याच अनुभवावर बोलतो आहे. पण मी दाव्यांच्या फायली बरीच वर्षं बघत आले आहे आणि मोठ्या क्लेमची फाइल कशी असते ते सांगते. गाडी टोटल लॉसमध्ये, म्हणजे दुरुस्तीपलीकडे, गेली किंवा अपघातात माणूस गेला की नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरच्या जोडीला तपासनीस नेमला जातो. तो पोलिस ठाण्यातून एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत घेतो. चालकाच्या लायसन्सची आरटीओकडून पडताळणी होते, हॉस्पिटलचे कागद येतात. आणि या सगळ्याच्या वर, फायलीत पहिल्या पानाला, तुमच्या सहीचा प्रपोजल फॉर्म, म्हणजे विमा घेताना भरलेला हाच फॉर्म, लावलेला असतो. त्या दिवशी प्रत्येक टिक वाचली जाते.

तेव्हा तुम्ही म्हणाल, जुन्या केसचा या अपघाताशी काय संबंध? वाद घालता येईल, काही वेळा जिंकताही येईल. पण कंपनीने स्वतः विचारलेली गोष्ट महत्त्वाची नव्हती हे सिद्ध करायला तुमच्या वकिलाला घाम फुटेल. विम्याचा करार दोन्ही बाजूंच्या पूर्ण सचोटीवर उभा असतो, हे सुप्रीम कोर्टाने वेळोवेळी सांगितलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये तर महत्त्वाची माहिती दडवून किंवा खोटी देऊन पॉलिसी मिळवली असेल, तर थर्ड पार्टीच्या दाव्यातही कंपनीला तो बचाव घेता येतो. लायसन्सच्या भानगडी असलेल्या अपघातांत कोर्टं कित्येकदा कंपनीला सांगतात की आधी जखमीला पैसे द्या आणि मग गाडीमालकाकडून वसूल करा. २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यापासून हा मार्ग चांगलाच रुळला आहे. जखमीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने मंजूर केलेली लाखांतली रक्कम मालकाकडून वसूल करायची, म्हणजे तुमच्याकडून. तुमचं कांदिवलीचं घर, प्रॉव्हिडंट फंड, मुलाच्या शिक्षणाला ठेवलेले पैसे, याचा विचार करा.

आणखी एक, कारण तुम्ही ‘रकाना कोरा सोडला तर?’ असंही विचारलंय. रकाना कोरा असूनही कंपनीने प्रीमियम घेऊन पॉलिसी दिली, तर नंतर तिला माहिती दडवल्याचं कारण पुढे करता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये मनमोहन नंदा यांच्या खटल्यात म्हटलं आहे. तो परदेश प्रवासाच्या आरोग्यविम्याचा खटला होता. ज्यांच्या एजंटने मागे फॉर्म अर्धवट भरला, त्यांना हा निकाल आधार देऊ शकेल. प्रश्न वाचून, उत्तर माहीत असून मुद्दाम कोरा ठेवणाऱ्याने त्यावर विसंबू नये.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, ती तुमच्या पत्रात नाहीच. तुमच्या लायसन्सचं काय झालं? कलम १८५ खाली दोषी ठरवलं की कोर्टाने किमान सहा महिन्यांसाठी लायसन्स धारण करायला अपात्र ठरवावं, अशी तरतूद कायद्याच्या कलम २० मध्ये आहे. तुमच्या आदेशात काय लिहिलंय, तुम्ही वाचलंय का? त्या दिवशी कोर्टात गर्दी असते, वकील म्हणतो इथे सही करा, तिथे पैसे भरा, आणि माणूस मान खाली घालून बाहेर पडतो. आदेश कुणी वाचत नाही. शिवाय आरटीओलाही स्वतंत्रपणे लायसन्स निलंबित करता येतं. तुमच्या पॉलिसीत चालकाविषयी एक कलम असतं: गाडी चालवणाऱ्याकडे अपघाताच्या वेळी वैध लायसन्स असलं पाहिजे आणि ते धारण करायला तो अपात्र ठरवलेला नसला पाहिजे. अपात्रतेच्या काळात गाडी चालवली आणि काही झालं, तर तुम्ही फॉर्मवर कितीही खरं लिहिलेलं असो, ओन डॅमेजचा क्लेम बुडाला असं समजा.

तुमची मुदत एव्हाना संपली असण्याची शक्यता जास्त. पण शक्यतेवर गाडी चालवू नका. कोर्टातून आदेशाची नक्कल काढा. केस नंबर आणि तारीख दिली की अर्ज करता येतो. परिवहनच्या सारथी पोर्टलवर लायसन्सची आजची स्थिती बघा. काही अडकलेलं दिसलं तर तुमचं लायसन्स ज्या आरटीओचं आहे तिथे, बोरिवली किंवा अंधेरीला, जाऊन ते मोकळं करून घ्या. आणि तिथे आहात तर लायसन्सची मुदतही बघून घ्या. मुदत संपल्यावरही तीस दिवस लायसन्स चालत असे, ती सवलत २०१९ च्या दुरुस्तीने गेली. चाळिशी-पंचेचाळिशीतल्या किती माणसांची मुदत नकळत उलटून गेलेली असते, हे बघून मला दर वेळी वाईट वाटतं. प्रीमियम वेळेवर भरलेला असतो, बाकी सगळं ठीक असतं, आणि क्लेम अडतो तो या एका तारखेवर.

वहिनींनी सुचवलेला मार्ग मायेपोटी आहे, पण त्याने काहीच साधत नाही. फॉर्मवरचा प्रश्न गाडी चालवणाऱ्याबद्दल आहे. गाडी त्यांच्या नावावर झाली आणि चालवणार तुम्हीच, तर उत्तर तेच राहतं. वर तोटेच. एनसीबी माणसाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे पुढच्या वर्षांत तुम्ही साठवाल तो बोनस त्या गाडीवर तुमच्या नावाने चढणार नाही. गाडीमालक-चालकासाठी जो पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो मालकाचा. मालक वहिनी झाल्या तर गाडी चालवताना तुम्हाला त्याचं छत्र नाही. कर्ज असेल तर बँकेची एनओसी, आरटीओचे फॉर्म, विमा कंपनीला चौदा दिवसांत कळवणं, ही धावपळ वेगळी. खरोखर त्याच गाडी चालवणार असतील तर गोष्ट निराळी.

मला वाटतं, तुम्हाला प्रीमियमपेक्षाही सोसायटीत बोभाटा होण्याची धास्ती आहे. एजंट तळमजल्यावर राहतो, त्याची बायको वहिनींच्या भिशीत आहे, हे तुम्ही पत्रात उगीच लिहिलेलं नाही. ती लाज मला समजते आणि तिला मी कमी लेखणार नाही. पण तिच्यावर उपाय खोट्या टिकपेक्षा सोपा आहे. हा फॉर्म त्याच्या हातात देऊच नका. कंपनीच्या शाखेत किंवा तिच्या संकेतस्थळावर स्वतः भरा. विमा एजंटमार्फतच घ्यायला पाहिजे असा नियम नाही. त्याला सांगा, या वेळी ऑफिसमधून ऑनलाइन करतोय. दोन दिवस तोंड वाकडं करेल, गणपतीत परत बोलायला लागेल.

फॉर्मवर काय लिहायचं, ते शब्दांत देते. ‘हो. मोटार वाहन कायदा कलम १८५ खाली अमुक तारखेला अमुक कोर्टात १०,००० रुपये दंड. अपघात किंवा नुकसान नाही. अपात्रतेची मुदत अमुक तारखेला पूर्ण. सध्या लायसन्स वैध.’ एवढंच. कैफियत नको, दिलगिरी नको, ‘दोनच पेग’ नको. मुलगा गाडी चालवत असेल तर चालकांच्या माहितीत त्याचंही नाव आणि लायसन्स नंबर द्या. ज्यांना जुन्याच कंपनीकडे राहायचं आहे त्यांना रिन्यूअलला सहसा नवा फॉर्म भरावा लागत नाही, पण मधल्या काळात शिक्षा झाली असेल तर एका ओळीचा ईमेल करून ठेवावा. तो ईमेल पुढे उपयोगी पडतो. कंपनीने या उत्तरावर जादा पैसे मागितले तर दुसऱ्या दोन कंपन्यांकडे हेच खरं उत्तर देऊन दर विचारा. ओन डॅमेजच्या दरात कंपन्याकंपन्यांत बराच फरक पडतो.

दोन पेगबद्दलही बोलायला हवं. तुम्ही लिहिलंय की पुन्हा तसं घडलेलं नाही, आणि माझा त्यावर विश्वास आहे. पण त्या वाक्याच्या आधी तुम्ही ‘मी पूर्ण शुद्धीत होतो’ असं लिहिलंय, ते मला खटकलं. कायद्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम आहे. आपण शुद्धीत आहोत असं वाटणं आणि या आकड्याच्या आत असणं यांचा मेळ बसतोच असं नाही. दुसऱ्यांदा सापडलात तर दंड पंधरा हजार किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विम्याच्या बाजूने तर याहून वाईट. दारूच्या अमलाखाली झालेलं गाडीचं नुकसान पॉलिसीतून सरळ वगळलेलं असतं. डिसेंबर २००७ मध्ये दिल्लीत एका पोर्शे गाडीचा अपघात झाला होता. चालकाच्या श्वासाची किंवा रक्ताची चाचणी झालेली नव्हती, तरीही इतर पुराव्यांवरून तो नशेत होता असं धरून क्लेम नाकारणं योग्यच, असा निकाल सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२१ मध्ये दिला. म्हणजे ‘मशीन नव्हतं, मग सिद्ध कसं करणार’ हाही आधार उरलेला नाही. मित्राकडे जायचं असेल तर गाडी घरी ठेवा किंवा परतीला ड्रायव्हर बोलवा. हायवेवर त्या वेळी रस्ता ओलांडणाऱ्या, शिफ्ट संपवून घरी निघालेल्या माणसाचा जीवही यात पणाला लागलेला असतो.

मुलाची चलानं तुम्ही गुपचूप भरू नका. त्याला यादी दाखवा, प्रत्येक फोटोवरची वेळ आणि वेग त्याच्यासमोर वाचा, पैसे त्याच्या पगारातून किंवा पॉकेटमनीतून घ्या. चलान मालकाच्या नावावर येतं म्हणून त्याला आजवर त्याची झळ लागलेली नाही.

शेवटी मुदतीचं. कोर्टाची नक्कल मिळायला वेळ लागला तरी विम्याचं रिन्यूअल थांबवू नका. पॉलिसी एक दिवस जरी संपली तरी गाडी रस्त्यावर आणणं गुन्हा आहे, पहिल्या वेळी दंड दोन हजार किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद. नव्याने घेताना गाडीची तपासणीही करून द्यावी लागते. नव्वद दिवस उलटले तर मिळवलेला बोनसही जातो. तुमचा तर आत्ता शून्य आहे, पण इतर वाचकांनी लक्षात ठेवावं. नक्कल येईपर्यंत दंडाच्या पावतीवरची तारीख आणि केस नंबर लिहा, सारथीवरची लायसन्सची स्थिती छापून जोडा. पॉलिसी आली की भरलेल्या प्रपोजल फॉर्मची प्रत मागून घ्या आणि तुमची उत्तरं तशीच उतरली आहेत का ते ताडून बघा. कुणी मधल्यामध्ये ‘हो’चं ‘नाही’ केलेलं दिसलं तर त्याच दिवशी लेखी कळवा. पुढे कधी क्लेम नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझला आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि पन्नास लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात. जाताना प्रपोजल फॉर्मची ती प्रत आणि कंपनीला केलेला प्रत्येक ईमेल बरोबर घ्या.